‘नागरिक विज्ञान’ हा शब्द कुठून आला? ॲलन अर्विन यांची कारकीर्द आणि शेतमजुरांचा एक प्रश्न

१/ (थ्रेड)
सन १९८०. ब्रिटनमधील शेतमजुरांच्या राष्ट्रीय संघटनेची मागणी होती की ‘२,४,५-टी’ हे तणनाशक देशात बंद करावे. सरकारच्या तज्ज्ञ समितीचे उत्तर होते : सूचनांप्रमाणे वापरल्यास हे रसायन सुरक्षित आहे. त्यावर मजुरांचे म्हणणे असे की, प्रत्यक्ष शेतावर त्या सूचना पाळणे शक्यच होत नाही. हा वाद तिथे मिटला नाही. पंधरा वर्षांनी तो एका ग्रंथाचा पाया ठरला आणि त्या ग्रंथामुळे एक नवा शब्द रूढ झाला.

२/
तो शब्द म्हणजे ‘सिटिझन सायन्स’, अर्थात नागरिक विज्ञान. ग्रंथ १९९५ सालचा. लेखक ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ॲलन अर्विन. आज हा शब्द उच्चारला की दुर्बीण घेऊन पक्ष्यांची नोंद करणारे हौशी निरीक्षक डोळ्यांसमोर येतात. अर्विन यांना अभिप्रेत असलेला अर्थ याहून बराच अडचणीचा होता. विज्ञानाविषयीचे निर्णय कोण घेते आणि त्यांचे परिणाम भोगणाऱ्यांना कोणते प्रश्न विचारू दिले जातात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्या विषयाचा सुमारे चार दशकांचा हा इतिहास.

३/
प्रथम त्या तणनाशकाविषयी. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने जंगले निष्पर्ण करण्यासाठी ‘एजंट ऑरेंज’ फवारले. त्यातील दोन घटकांपैकी एक म्हणजे २,४,५-टी. या रसायनाच्या निर्मितीत डायॉक्सिन हे अत्यंत विषारी द्रव्य अल्प प्रमाणात तयार होते. १० जुलै १९७६ रोजी इटलीतील सेवेसो येथे एका कारखान्यातून हेच डायॉक्सिन हवेत पसरले आणि त्याचे नाव जगभर झाले. १९७९ मध्ये अमेरिकेने २,४,५-टीच्या अनेक वापरांवर तातडीची स्थगिती आणली. ब्रिटनमध्ये मात्र शेतांत आणि जंगलांत फवारणी चालूच राहिली.

४/
फवारणी करणारे हात शेतमजुरांचे होते. त्यांच्या संघटनेने सभासदांकडे प्रश्नावली पाठवली : हे औषध कोणी, केव्हा, किती वापरले, त्यानंतर कोणते त्रास झाले. आलेल्या उत्तरांत गर्भपाताच्या आणि व्यंग असलेल्या अपत्यांच्या नोंदी होत्या. संघटनेने ही प्रकरणे एकत्र करून सरकारच्या कीटकनाशक सल्लागार समितीपुढे ठेवली. ज्यांना आपण आज ‘माहिती गोळा करणारे नागरिक’ म्हणू, ते हेच लोक. फरक एवढाच की त्यांना कोणत्याही शास्त्रज्ञाने तसे करायला सांगितले नव्हते.

५/
समितीने एकेक प्रकरण तपासले आणि रसायन व आजार यांत कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष काढला. उपलब्ध शास्त्रीय पुरावा पाहता, योग्य प्रकारे वापरल्यास धोका नाही, हे मत तिने कायम ठेवले. समितीतील सदस्य अप्रामाणिक होते असे मानण्याचे कारण नाही. प्रयोगशाळेच्या आणि विषशास्त्राच्या नियमांनी त्यांनी प्रश्न तपासला आणि त्या नियमांनुसार त्यांचे उत्तर सुसंगतच होते.

६/
संघटनेचे दोन आक्षेप मात्र त्या नियमांत बसत नव्हते. पहिला आक्षेप वापराच्या परिस्थितीचा. संरक्षक पोशाख नेहमी मिळत नाही. मिळाला तरी उन्हात तो घालून दिवसभर काम करणे कठीण. पाठीवरचे पंप गळतात. वारा सुटला की फवारू नये असे डब्यावर लिहिलेले असते, पण आज काम संपवायचे हा निर्णय मजुराचा नसतो. समितीने ज्या वापराला सुरक्षित म्हटले, तो वापर बांधावर क्वचितच आढळतो, हे मजुरांना रोजच्या कामातून माहीत होते.

७/
दुसरा आक्षेप पुराव्याच्या मोजपट्टीविषयी. शास्त्रज्ञ कार्यकारणसंबंध ठामपणे सिद्ध होण्याची वाट पाहतात. संघटनेचे म्हणणे होते की दिवाणी न्यायालयात जसा ‘अधिक संभाव्य काय’ याचा विचार होतो, तसाच माणसांच्या आरोग्याच्या बाबतीतही व्हावा. शंकेचा फायदा रसायनाला द्यायचा की माणसाला, हा प्रश्न विषशास्त्राचा नव्हे, तो सार्वजनिक नीतीचा आहे. समितीच्या अहवालात या प्रश्नाला जागाच नव्हती.

८/
या वादाकडे अर्विन यांचे लक्ष गेले, कारण जोखमीचे नियमन हाच त्यांचा आरंभापासूनचा विषय. १९८५ मधील त्यांचा पहिला ग्रंथ ब्रिटन आणि अमेरिकेतील रस्ते सुरक्षेच्या धोरणांची तुलना करणारा होता. वाहनाची रचना, चालकाची चूक, सरकारचे नियम यांपैकी अपघाताला जबाबदार कशाला धरायचे, हे ठरवण्यात तांत्रिक माहितीइतकेच राजकारण असते, हे त्यांना त्या अभ्यासातच दिसले होते. तणनाशकाच्या वादात तोच प्रश्न अधिक उघड रूपात समोर आला.

९/
त्या काळचे वातावरण लक्षात घ्यायला हवे. १९८५ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीने ‘जनतेचे विज्ञान-आकलन’ या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. अनुवंशशास्त्रज्ञ वॉल्टर बॉडमर हे समितीचे अध्यक्ष, म्हणून तो ‘बॉडमर अहवाल’ या नावाने ओळखला जातो. लोकांना विज्ञान नीट कळत नाही, ते कळले तर त्यांचे निर्णय सुधारतील आणि विज्ञानाला पाठिंबाही वाढेल, असा त्याचा रोख. शास्त्रज्ञांनी लोकांशी बोलायला शिकावे, असे त्याने बजावले. या आवाहनाने विज्ञानप्रसाराला मोठी चालना मिळाली, हेही खरे.

१०/
पण या विचारात एक गृहीतक दडलेले होते : लोक विरोध करतात कारण त्यांच्याकडे माहिती कमी आहे. पुढे समाजशास्त्रज्ञांनी याला ‘डेफिसिट मॉडेल’ म्हणजे ‘उणिवेचे प्रारूप’ असे नाव दिले. रिकाम्या घड्यात पाणी ओतावे तसे लोकांच्या डोक्यात विज्ञान ओतायचे, अशी ती कल्पना. शेतमजुरांच्या बाबतीत हे प्रारूप लावून पाहिले की अडचण कळते. फवारणी कशी होते याविषयीची माहिती मजुरांकडे होती. उणीव समितीच्या बाजूला होती.

११/
अर्विन यांनी हीच तपासणी मँचेस्टर परिसरात केली. सेवेसोच्या दुर्घटनेनंतर युरोपीय समुदायाने १९८२ मध्ये एक निर्देश काढला आणि ब्रिटनने १९८४ मध्ये त्यानुसार नियम केले. धोकादायक कारखान्यांभोवती राहणाऱ्यांना धोक्याची आणि आणीबाणीत काय करावे याची माहिती देणे बंधनकारक झाले. त्यानुसार पत्रके घरोघरी वाटली गेली. मग ही पत्रके वाचणारी माणसे काय विचार करतात? एक्ल्स आणि कॅरिंग्टन येथील रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यांशी बोलून अर्विन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा शोध घेतला.

१२/
रहिवाशांचे ज्ञान पत्रकांच्या चौकटीत मावणारे नव्हते. कारखान्यात काम करणारा शेजारी, वास, धूर, आवाज, पूर्वीचे अपघात, कंपनीने पूर्वी दिलेली आश्वासने, या सगळ्यांतून त्यांचे मत घडलेले होते. पत्रकात काय छापले आहे याइतकेच ते कोणी छापले आहे, याला त्यांच्या लेखी महत्त्व होते. माहिती आणि माहिती देणारा यांना लोक वेगळे करत नाहीत. ज्याच्यावर विश्वास नाही त्याने पुरवलेली अचूक माहितीही मग निरुपयोगी ठरते.

१३/
याच सुमारास लँकेस्टर विद्यापीठातील ब्रायन विन हे उत्तर इंग्लंडच्या कंब्रिया भागातील मेंढपाळांचा अभ्यास करत होते. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलचा स्फोट झाला. काही दिवसांनी कंब्रियाच्या डोंगरांवर पावसासोबत किरणोत्सारी सीझियम उतरले. जूनमध्ये सरकारने मेंढ्यांच्या विक्रीवर निर्बंध घातले आणि ते तीन आठवड्यांत उठतील असे सांगितले. ब्रिटनमधील अखेरचे निर्बंध उठले २०१२ मध्ये.

१४/
अंदाज एवढा चुकला कसा? सीझियम मातीत घट्ट धरले जाते आणि गवतात फारसे परत येत नाही, हे गणित चिकणमातीच्या जमिनीवरील प्रयोगांवर आधारलेले होते. कंब्रियाच्या डोंगरांवरील आम्लधर्मी, दलदलीच्या मातीत सीझियम गवतातून मेंढीत आणि मेंढीतून पुन्हा मातीत फिरत राहिले. त्यातच मेंढ्या खालच्या दरीत चारा, पेंढा घाला, असे सल्ले शास्त्रज्ञ देत होते. डोंगरावरच्या मेंढीला काय चालते, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्यांना कोणी विचारले नाही.

१५/
जवळच सेलाफील्डचा अणुप्रकल्प होता आणि १९५७ मध्ये तिथे, तेव्हाच्या विंडस्केलमध्ये, मोठी आग लागली होती. किरणोत्सार चेर्नोबिलचाच आहे की त्यात जुन्या आगीचाही वाटा आहे, अशी शंका मेंढपाळ घेत होते. तज्ज्ञांचा आत्मविश्वास एकदा खोटा ठरल्यावर ही शंका वाढली. अर्विन आणि विन यांनी १९९६ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाचे नाव त्यामुळेच बोलके आहे : ‘मिसअंडरस्टँडिंग सायन्स?’ गैरसमज नेमका कोणाचा, असे ते प्रश्नचिन्ह विचारते.

१६/
आता १९९५ च्या ग्रंथाकडे. त्याचे नाव ‘सिटिझन सायन्स’. उपशीर्षकात लोक, तज्ज्ञता आणि शाश्वत विकास हे तीन शब्द. शेतमजुरांचे प्रकरण त्यात विस्ताराने येते. नागरिक विज्ञान या संज्ञेत अर्विन यांनी दोन अर्थ एकत्र गुंफले. पहिला, नागरिकांच्या गरजा आणि चिंता यांच्या कामी येणारे विज्ञान. दुसरा, नागरिकांनी स्वतः घडवलेले आणि वापरलेले ज्ञान. मजुरांची प्रश्नावली दुसऱ्या अर्थात बसते. ती गंभीरपणे वाचणारी समिती असती तर पहिला अर्थही साकार झाला असता.

१७/
त्याच दशकात अटलांटिकपलीकडे हाच शब्द स्वतंत्रपणे जन्माला आला. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेतील रिक बॉनी यांनी हौशी निरीक्षकांच्या पक्षिनोंदींसाठी तो वापरला. त्यामागे जुनी परंपरा होती. अमेरिकेतील नाताळची पक्षिगणना १९०० साली अवघ्या २७ जणांनी सुरू केली होती. बॉनी यांच्या अर्थात प्रश्न शास्त्रज्ञ ठरवतात आणि नागरिक नोंदी पुरवतात. या पद्धतीने विज्ञानाला अमूल्य माहिती मिळाली. २०१४ मध्ये हा शब्द ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशात दाखल झाला, तेव्हा लोकप्रिय झालेला अर्थ हाच होता.

१८/
अर्विन यांच्या ग्रंथात आणखी एक प्रकरण होते, जे छापून आल्यावर वर्षभरातच भीषण ठरले. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये गायींचा मेंदू पोखरणारा बीएसई हा रोग ओळखला गेला. वृत्तपत्रांनी त्याला ‘मॅड काऊ’ म्हटले. सरकारने नेमलेल्या साउथवूड समितीने फेब्रुवारी १९८९ मध्ये सांगितले की माणसाला यापासून धोका संभवण्याची शक्यता अत्यंत कमी आहे. मात्र आपला हा अंदाज चुकला तर परिणाम अत्यंत गंभीर होतील, असेही समितीने लिहून ठेवले होते. पहिले वाक्य सर्वत्र पोचले. दुसरे अहवालातच राहिले.

१९/
मे १९९० मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीला गोमांसाचा बर्गर देऊ केला. विज्ञानाची खात्री पटवण्याचा हा त्यांचा मार्ग. २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत मान्य केले की तरुणांमध्ये आढळलेल्या नव्या मेंदुरोगाचा संबंध बहुधा बीएसईशी आहे. त्या रोगाने ब्रिटनमध्ये १७० हून अधिक माणसे दगावली. चाळीस लाखांहून अधिक गुरे मारून टाकावी लागली.

२०/
इथेही ‘सूचनांप्रमाणे’ हा शब्द परत भेटतो. गुरांचा मेंदू आणि मज्जारज्जू अन्नात येऊ नयेत, असा नियम १९८९ मध्ये झाला होता. मांस सुरक्षित असल्याची ग्वाही त्या नियमावर उभी होती. १९९५ मध्ये कत्तलखान्यांची अचानक तपासणी झाली, तेव्हा काही ठिकाणी मज्जारज्जू पूर्ण काढलेला नसल्याचे आढळले. घाईने चाललेल्या कत्तलखान्यात सुरी चालवणाऱ्या कामगाराला हे आधीच ठाऊक असणार. फवारणी करणाऱ्या मजुरासारखेच त्यालाही कोणी समितीसमोर बोलावले नव्हते.

२१/
बीएसईने ब्रिटिश सरकारची भाषा बदलली. २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने ‘विज्ञान आणि समाज’ या अहवालात विश्वासाचे संकट मान्य करून संवादाची गरज प्रतिपादली. पुढची मोठी परीक्षा जनुकीय पिकांची. २००३ च्या उन्हाळ्यात ‘जीएम नेशन?’ नावाची राष्ट्रव्यापी चर्चा झाली. शेकडो सभा भरल्या, सुमारे ३७ हजार अभिप्राय-पत्रे आली आणि बहुसंख्य सहभागींचा सूर साशंक होता. मार्च २००४ मध्ये सरकारने जनुकीय मक्याच्या एका वाणाला अटींसह तत्त्वतः मान्यता दिली. महिना संपण्यापूर्वी कंपनीनेच तो वाण मागे घेतला.

२२/
अर्विन यांच्या कारकिर्दीतील सर्वात प्रामाणिक क्षण इथे येतो. ज्या संवादाचा आग्रह त्यांच्या पिढीने धरला, तो सरकारी धोरण झाला. त्यांनी विजयाचा जल्लोष करता आला असता. त्याऐवजी २००६ मध्ये त्यांनी ‘द पॉलिटिक्स ऑफ टॉक’, म्हणजे ‘बोलण्याचे राजकारण’, हा निबंध लिहिला. जुनी वृत्ती नव्या भाषेखाली कशी टिकून राहते, याची चिकित्सा त्यात आहे. सभा भरतात, लोक बोलतात. पण चर्चेचा विषय, मर्यादा आणि वेळ आधीच ठरलेली असते. लोकांचा विश्वास परत मिळवणे हेच उद्दिष्ट असेल, तर ऐकणे हे साधन होऊन बसते.

२३/
२००७ च्या सुमारास अर्विन कोपनहेगन बिझनेस स्कूलमध्ये संशोधन अधिष्ठाता म्हणून गेले. ज्या देशाकडे ब्रिटिश सुधारक आदर्श म्हणून पाहत, तो हा देश. तेथील तंत्रज्ञान मंडळाने १९८७ पासून ‘सहमती परिषदा’ भरवल्या होत्या. सामान्य नागरिकांचा एक छोटा गट तयारी करतो, तज्ज्ञांची उघड उलटतपासणी घेतो आणि स्वतःचा अहवाल लिहून लोकप्रतिनिधींना देतो, अशी ती रीत. ब्रिटनने १९९४ मध्ये वनस्पती-जैवतंत्रज्ञानावर तिचा प्रयोग करून पाहिला होता.

२४/
माया होर्स्ट यांच्यासह २०१० मध्ये लिहिलेल्या निबंधात अर्विन यांनी दाखवले की ही रीत डॅनिश समाजाच्या राष्ट्रीय आत्मभानाशी, सहमती घडवण्याच्या त्याच्या सवयीशी जोडलेली आहे. यंत्र आयात करावे तशी ती दुसऱ्या देशात नेता येत नाही. आणि तिच्या जन्मभूमीतही ती अढळ नव्हती. काहीच काळात डेन्मार्कच्या सरकारने तंत्रज्ञान मंडळाचा सरकारी आधार काढून घेतला. २०१२ पासून ते एका स्वतंत्र प्रतिष्ठानाच्या रूपात काम करू लागले.

२५/
टीकाही झाली, आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नव्हती. २००२ मध्ये हॅरी कॉलिन्स आणि रॉबर्ट एव्हान्स यांनी विचारले : तज्ज्ञतेचे दरवाजे उघडले, तर थांबायचे कुठे? मेंढपाळाला मेंढी कळते, हे मान्य. म्हणून प्रत्येक नागरिकाचे प्रत्येक विषयावरचे मत ज्ञान ठरते का? हा प्रश्न तेव्हा हवेतला नव्हता. गोवराच्या एमएमआर लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा १९९८ चा शोधनिबंध ब्रिटनमध्ये घबराट पसरवत होता. तो निबंध अखेर २०१० मध्ये मागे घेतला गेला.

२६/
या टीकेने एक भेद स्पष्ट करण्यास मदत केली. फवारणी करणारा मजूर रेणूंची रचना सांगत नव्हता. फवारणी कशी होते आणि किती जोखीम मान्य करायची, हे तो सांगत होता. पहिल्या बाबतीत त्याला अनुभव होता, दुसऱ्या बाबतीत नागरिक म्हणून अधिकार. डायॉक्सिन शरीरात काय करते, हे प्रयोगशाळाच सांगणार. २०१३ मध्ये अर्विन व सहकाऱ्यांनी आपल्याच क्षेत्रालाही एक इशारा दिला : प्रत्येक लोकसंवाद परिपूर्णतेच्या कसोटीवर नापास ठरवत राहिलो, तर त्यातून काय सुधारले हे दिसेनासे होते.

२७/
दरम्यान प्रश्न आणखी मागे सरकला. तंत्रज्ञान बाजारात आल्यावर लोकांना विचारण्यापेक्षा, ते घडत असतानाच का विचारू नये? यातून ‘उत्तरदायी नवोन्मेष’ ही कल्पना आली. तिचे गाजलेले उदाहरण ब्रिटनमधील ‘स्पाइस’ प्रकल्पाचे. सूर्यप्रकाश परावर्तित करणारे कण वातावरणात सोडून पृथ्वी थंड करता येईल का, याचा तो अभ्यास. २०११ मध्ये नॉरफोकमध्ये एक फुगा एक किलोमीटर उंच नेऊन नळीतून सुमारे १५० लिटर पाणी फवारायचे ठरले होते.

२८/
पाण्याचा धोका शून्य. तरीही निधी देणाऱ्या परिषदेने प्रयोगाआधी एक स्वतंत्र परीक्षण ठेवले. या तंत्राचा हेतू काय, ते कोणाच्या हाती जाईल, लोकांना काय वाटते, हे शास्त्रज्ञांना विचारले गेले. प्रयोग पुढे ढकलला गेला आणि मे २०१२ मध्ये रद्द झाला. प्रकल्पाशी संबंधित एका पेटंट-अर्जामुळे हितसंबंधांचा प्रश्न उभा राहिला होता; शिवाय अशा तंत्रज्ञानाचे नियमन करणारी कोणतीही व्यवस्था नव्हती. २०१३ मध्ये जॅक स्टिल्गो, रिचर्ड ओवेन आणि फिल मॅकनॅटन यांनी या विचाराचे चार पैलू मांडले : पूर्वविचार, आत्मपरीक्षण, समावेश आणि प्रतिसादक्षमता.

२९/
चौथा शब्द सर्वात महत्त्वाचा. ऐकल्यावर दिशा बदलण्याची तयारी म्हणजे प्रतिसादक्षमता. युरोपीय संघाने २०१४ ते २०२० च्या आपल्या संशोधन कार्यक्रमात उत्तरदायी नवोन्मेषाला स्थान आणि निधी दिला. पुढच्या कार्यक्रमात त्यासाठीचा स्वतंत्र विभाग राहिला नाही. अर्विन यांनी २००६ मध्ये व्यक्त केलेली भीती अशा वेळी आठवते : शब्द धोरणात लवकर शिरतो आणि तितक्याच लवकर बाहेरही पडतो.

३०/
भारतातही हे दोन्ही प्रसंग घडून गेले आहेत आणि दोन्हींचा धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने हिरवा कंदील दाखवला. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तो निर्णय थेट न स्वीकारता जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यांपैकी एक नागपूरला झाली. शेतकरी, शास्त्रज्ञ, कार्यकर्ते, कंपन्या, सगळेच एका सभागृहात आले.

३१/
९ फेब्रुवारी २०१० रोजी रमेश यांनी बीटी वांग्यावर स्थगिती जाहीर केली. लोकभावनेपुढे विज्ञान हरले, असे काहींनी म्हटले; लोकशाहीने विज्ञानाला प्रश्न विचारला, असे इतरांनी. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मान्य करावी लागेल. या सुनावण्या एका मंत्र्याच्या इच्छेने झाल्या. प्रत्येक निर्णयापूर्वी त्या व्हाव्यात, अशी कायमची व्यवस्था त्यातून उभी राहिली नाही.

३२/
दुसरा प्रसंग यवतमाळचा. २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतरच्या चर्चेत वारंवार ऐकू आलेले वाक्य असे : हातमोजे, मास्क वापरले नाहीत, औषधे मिसळली, सूचना पाळल्या नाहीत. माणसाच्या डोक्यावर गेलेली कपाशी, दमट हवा, पाठीवरचा पंप आणि फवारणीसाठी मिळणारा रोज, यांतून त्या सूचना पाळता येतात का, हा प्रश्न तुलनेने कमी ऐकू आला.

३३/
१९८० मधील इंग्लंडच्या शेतमजुराने हाच प्रश्न समितीपुढे ठेवला होता. तेव्हापासून आजवर त्या प्रश्नाभोवती ग्रंथ, समित्या, सहमती परिषदा आणि चार पैलूंची चौकट, असे बरेच काही उभे राहिले. अर्विन यांचे काम त्या प्रश्नाला अभ्यासाचा विषय बनवण्याचे आणि नंतर त्याची उत्तरे पोकळ होऊ लागली तेव्हा तेही सांगण्याचे. पुढच्या वेळी एखाद्या अहवालात ‘सूचनांप्रमाणे वापरल्यास सुरक्षित’ हे शब्द दिसले, तर त्या सूचना लिहिताना फवारणी करणारा त्या खोलीत होता का, एवढे अवश्य पाहावे.

(समाप्त) #विज्ञानाचाइतिहास #नागरिकविज्ञान